गॅस शेगडी : सुरक्षित वापर आणि देखभाल

जळाऊ वायू ठरावीक प्रमाणात हवेत मिसळून बर्नरच्या छिद्रांतून जाळणारे स्वयंपाकाचे साधन म्हणजे गॅस शेगडी. ओट्यावर ठेवायची नुसत्या बर्नरची शेगडी आणि खाली ओव्हन असलेली उभी रेंज हे तिचे दोन प्रमुख प्रकार. इंग्लंडमधील नॉर्थॅम्पटन येथे जेम्स शार्प यांनी १८२६ मध्ये अशा शेगडीचे पेटंट घेतले. रचना तेव्हापासून बरीच सुधारली, मात्र धोक्याची मूळ कारणे तीच राहिली आहेत : वायू न जळता बाहेर पडणे, तो अर्धवट जळणे आणि जळता जाळ भलतीकडे पोचणे. शेगडीची देखभाल म्हणजे तिची चकाकी राखणे असा समज असतो. खरी देखभाल दोन ठिकाणी असते, जोडणीच्या सांध्यांत आणि ज्योतीच्या रंगात.

इंधन

घरात नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. सिलिंडरमधील एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असल्याने वर चढतो आणि छताशी साचतो. एलपीजीची वाफ हवेच्या दीड ते दोन पट जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी, मोरीच्या तोंडाशी किंवा तळघरात साठून राहते. म्हणून एलपीजी सिलिंडर तळघरात ठेवू नये.

हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के आणि प्रोपेनचे सुमारे २ ते ९.५ टक्के असताना मिश्रण पेट घेते. यावरून एक ढोबळ हिशेब करता येतो. ९ चौ. मी. जमिनीवर ३० सेंमी. जाडीचा थर पेटण्याजोगा व्हायला सुमारे ५७ लिटर प्रोपेन वायू पुरतो. अडीच किलोवॉटचा एक बर्नर न पेटवता पूर्ण उघडा राहिला, तर सुमारे ३५ मिनिटांत तेवढा वायू बाहेर पडतो. निसटलेल्या नळीतून तो याहून कितीतरी वेगाने येतो.

सिलिंडरमध्ये एलपीजी द्रवरूपात असतो आणि द्रवाच्या एका भागापासून सुमारे २५० भाग वायू तयार होतो. सिलिंडर आडवा पडला तर वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरकडे येतो आणि बर्नरवर मोठा जाळ उसळतो. शेवटचा थेंब मिळवण्यासाठी सिलिंडर आडवा किंवा उलटा करणे म्हणूनच अत्यंत घातक आहे.

दोन्ही वायूंना मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मर्कॅप्टनसारखे उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग मिसळतात. १९३७ मध्ये टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वास नसलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन जवळजवळ तीनशे जण दगावले. त्यानंतर टेक्सासमध्ये वायूला वास देणे कायद्याने बंधनकारक झाले. मात्र नाक त्याच वासाला लवकर सरावते. मघाशी आलेला वास आता येत नाही, एवढ्यावरून गळती थांबली असे धरू नये.

जेट आणि ज्योत

नॉब फिरवला की कॉकमधून आलेला वायू जेट (नोझल) नावाच्या पितळी तुकड्याच्या बारीक भोकातून जोराने सुटतो. पुढच्या मिक्सिंग ट्यूबमध्ये शिरताना तो आजूबाजूची हवा आत ओढून घेतो. बर्नरखाली पोचेपर्यंत दोन्ही एकजीव होतात आणि उरलेली हवा ज्योत बाहेरून घेते. मिथेनच्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे १० भाग हवा लागते, प्रोपेनला २४ आणि ब्युटेनला ३१. शेगडीचे बहुतेक बिघाड या प्रमाणात पडलेल्या फरकाचे असतात.

एलपीजीचा तेवढाच वायू मिथेनच्या अडीच पट उष्णता देतो. त्यामुळे एलपीजीचे जेट बारीक भोकाचे आणि नैसर्गिक वायूचे मोठ्या भोकाचे असतात. इंधन बदलताना जेट तसेच ठेवले, तर एका बाजूला मिणमिणता जाळ मिळतो आणि दुसऱ्या बाजूला भांड्याच्या वर चढणारा, काजळी धरणारा पिवळा लोळ. जेट बदलणे आणि दाब जुळवणे हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे आहे. सुईने किंवा तारेने भोक मोठे करणे तर सरळ चुकीचे. ०.७० मिमी.चे भोक घासून ०.८० मिमी. झाले, तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण भोकाचे क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. तितकाच जादा वायू येतो आणि हवेचे प्रमाण कोलमडते.

नीट जळणारी ज्योत निळी, स्थिर आणि जवळजवळ बिनआवाजाची असते. तिच्या आत फिकट निळ्या रंगाचे टोकदार शंकू स्पष्ट दिसतात. ज्योतीची टोके पिवळी, लोंबती झाली आणि भांड्याचा तळ काळा पडू लागला, तर हवा कमी पडते आहे. मिक्सिंग ट्यूबमध्ये साचलेला चिकटा, कोळ्याचे जाळे किंवा तुंबलेली छिद्रे ही त्याची नेहमीची कारणे. अधूनमधून उडणाऱ्या नारिंगी ठिणग्या मात्र धूळ किंवा उतू गेलेल्या पदार्थातील मीठ जळल्यामुळे असतात आणि थोड्या वेळात थांबतात. त्यांना घाबरण्याचे कारण नाही. ज्योत छिद्रांपासून सुटून फडफडत असेल, तर दाब किंवा हवा जास्त आहे. फट्‌ आवाज होऊन ज्योत आत शिरली आणि जेटपाशीच जळू लागली, तर बहुधा बर्नरची टोपी तिरकी बसलेली असते किंवा बर्नर झिजलेला असतो. अशा वेळी नॉब लगेच बंद करावा आणि बर्नर थंड झाल्यावर टोपी खाचेत बसवून पुन्हा पेटवावा.

पिवळ्या ज्योतीकडे दुर्लक्ष करू नये, कारण अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. वायूत मिसळलेला मर्कॅप्टन ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही पहिली लक्षणे अपचन किंवा थकवा समजून सोडून दिली जातात. घरातल्या अनेकांना ती एकाच वेळी जाणवली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर शेगडी बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. निळी ज्योतसुद्धा नायट्रोजन डायऑक्साइड सोडते. म्हणून शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी किंवा बाहेर हवा टाकणारा पंखा चालू हवा. हवा गाळून परत खोलीतच सोडणारी चिमणी हे वायू काढून टाकत नाही.

जोडणी

१६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला आणि ४ जणांचा बळी गेला. चौकशीत मूळ सापडले ते शेगडीला नळी जोडणाऱ्या एका हलक्या प्रतीच्या पितळी नटात. तो नट तडकला होता.

शेगडीची नळी गॅससाठीच बनवलेली, प्रमाणित आणि शक्य तितकी आखूड असावी. रबरी नळी साधारण दीड मीटरच्या आत ठेवावी, तिला मध्ये जोड देऊ नये आणि ती भिंतीतून किंवा बंद कपाटामागून नेऊ नये. ती ओव्हनच्या मागच्या गरम पत्र्याला टेकत नाही, हे पाहून घ्यावे. तिच्यावर कापड किंवा प्लॅस्टिकचे आवरण घातले की भेगा झाकल्या जातात. महिन्यातून एकदा नळी दोन्ही टोकांशी हलकेच वाकवून पाहावी. तडा, चिकटपणा, कडकपणा किंवा उंदराने कुरतडल्याची खूण दिसली, तर छापील मुदत बाकी असली तरी नळी बदलावी. टोकांच्या क्लिप घट्ट हव्यात, पण रबर कापले जाईल इतक्या आवळू नयेत.

सांधे तपासण्यासाठी पाण्यात थोडा भांडी धुण्याचा साबण फेसाळेपर्यंत मिसळावा. सर्व नॉब बंद आणि मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवून ते पाणी ब्रशने किंवा स्पंजने प्रत्येक सांध्याला लावावे आणि अर्धा मिनिट पाहावे. गळती बारीक असेल तर सांध्याच्या कडेला बुडबुड्यांची ओळ हळूहळू फुगत जाते. काडी पेटवून गळती शोधू नये. सिलिंडर, नळी किंवा शेगडी जागेवरून हलवली की दर वेळी ही तपासणी करावी.

पेटवणे आणि वापर

लायटर किंवा काडी आधी तयार ठेवावी आणि मगच नॉब उघडावा. चार-पाच सेकंदांत बर्नर पेटला नाही, तर नॉब बंद करून मिनिटभर थांबावे. उघड्या नॉबवर खटखट करत राहिल्याने साचलेला वायू एकदम भपकन पेटतो आणि चेहरा, हात भाजतात. शेगडीला झाकण असेल, तर पेटवण्याआधी ते पूर्ण उघडावे आणि बर्नर निवल्यावरच मिटावे.

जाळ भांड्याच्या तळाबाहेर येऊ देऊ नये. बाहेर आलेला जाळ वाया जातो, भांड्याचा कान तापवतो आणि बाहीपर्यंत पोचतो. फार रुंद भांडे दोन बर्नरांवर मिळून ठेवले, तर उष्णता खाली परतून नॉब आणि कॉक तापतात. वरच्या चिमणीचे अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते, साधारण ६५ ते ७५ सेंमी. पडदे, पुसणी आणि कागदी पिशव्या शेगडीपासून दूर हव्यात.

तेल तापत ठेवून जागा सोडू नये. सुमारे ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला तेल ठिणगीशिवाय आपोआप पेट घेते आणि त्याआधी दाट धूर येतो. पेटलेच तर नॉब बंद करावा, कढईवर बाजूने झाकण सरकवावे आणि ती निवेपर्यंत हलवू नये. पाणी ओतले तर ते तेलाखाली जाऊन क्षणात उकळते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १७०० पट होते आणि जळते तेल छतापर्यंत उडते.

साफसफाई

आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि शेगडी थंड होऊ द्यावी. टोप्या आणि जाळ्या कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून मऊ ब्रशने घासाव्यात. छिद्रांतील कीट शिवणाच्या सुईने अलगद काढावी. लाकडी काडी वापरू नये, तिचे टोक आत मोडून बसते. अॅल्युमिनियमचे बर्नर तीव्र क्षाराने काळे पडतात आणि खरवडले जातात. धुतलेले भाग पूर्ण वाळवूनच बसवावेत, कारण छिद्रांत पाणी राहिले की ज्योत तुटक जळते. बर्नर काढलेला असताना जेटवर साबणाचे पाणी सांडू देऊ नये. नॉबवर फवारा मारणेही टाळावे. आत गेलेल्या ओलीने ठिणगीचा स्विच अडकतो आणि सगळे बर्नर बंद असतानाही टक्‌टक्‌ चालू राहते. नॉब जड फिरू लागला, तर कॉकमधले ग्रीस वाळलेले असते. तिथे खाद्यतेल सोडू नये. तंत्रज्ञाकडून उष्णता सोसणारे ग्रीस भरून घ्यावे.

ज्योत विझली की वायू आपोआप बंद करणाऱ्या शेगड्यांत प्रत्येक बर्नरजवळ थर्मोकपलचा छोटा दांडा असतो. तापल्यावर तो काही मिलिव्होल्ट वीज देतो आणि तेवढ्यावर आतला चुंबकी व्हॉल्व्ह उघडा धरला जातो. नॉब सोडताच ज्योत विझत असेल, तर या दांड्याच्या टोकावर काजळी चढलेली असते किंवा तो ज्योतीपासून सरकलेला असतो. टोक बारीक पॉलिश पेपरने पुसले की बहुतेक वेळा काम भागते. नॉबमध्ये काडी खुपसून तो दाबून ठेवणे म्हणजे ही सुरक्षा स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय.

ओव्हन

ओव्हनचा बर्नर तळाच्या पत्र्याखाली असतो. बऱ्याच रेंजमध्ये तो ठिणगीऐवजी तापून लाल होणाऱ्या इग्नायटरने पेटतो. इग्नायटरमधून पुरेसा विद्युतप्रवाह, साधारण ३ अँपिअर, वाहू लागला की वायूचा व्हॉल्व्ह उघडतो. जुना इग्नायटर लाल दिसतो, पण प्रवाह कमी घेतो. मग ओव्हन उशिरा पेटतो, कधी भपका मारतो आणि काही दिवसांनी पेटतच नाही. लाल दिसतो म्हणून इग्नायटर चांगला असे समजून लोक भलताच भाग बदलतात.

तळावर फॉइल अंथरू नये. हवेच्या वाटा बुजतात आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. खोली गरम करण्यासाठी ओव्हनचे दार उघडे ठेवून तो चालवू नये. उभ्या रेंजच्या मागे जमिनीला किंवा भिंतीला अँटी-टिप ब्रॅकेट बसवलेला हवा. नाहीतर उघड्या दारावर मूल चढले की रेंज वरच्या उकळत्या भांड्यांसह पुढे कलंडते.

गळतीचा वास आल्यास

विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. हाताला लागेल ती ज्योत विझवावी, मुख्य व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांना बाहेर काढावे. वास उग्र असेल तर व्हॉल्व्ह शोधत आत थांबू नये. लिफ्ट आणि दाराची घंटा वापरू नये. फोन इमारतीबाहेर जाऊन करावा. तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय पुरवठा पुन्हा सुरू करू नये.

गॅस डिटेक्टर लावायचा असल्यास एलपीजीसाठी तो जमिनीपासून सुमारे ३० सेंमी. उंचीवर आणि नैसर्गिक वायूसाठी छताखाली तितक्याच अंतरावर लावतात. उलट जागी लावलेला डिटेक्टर वेळेवर वाजत नाही. कार्बन मोनॉक्साइडसाठी वेगळा अलार्म लागतो, कारण साध्या गॅस डिटेक्टरला तो ओळखता येत नाही. त्यातला संवेदक काही वर्षांत निकामी होतो. चाचणीचे बटण दाबून आवाज आला तरी बहुधा फक्त बॅटरी आणि भोंगा ठीक असल्याचे कळते, म्हणून अलार्मवर छापलेली बदलण्याची तारीख पाहावी.