माटोळी आधी, नेचर ट्रेल नंतर

हल्ली पाऊस जरा स्थिरावला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नेचर ट्रेलच्या गाड्या सुरू होतात, पोरं रेनकोट घालून मोबाईलवर झाडं ओळखतात, आणि लोक बोलतात असं की हे काहीतरी नवीनच निघालंय, म्हणून जरा मागचं सांगतो.

आमच्याकडे हा क्लास माटोळी घ्यायची, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-वेली टांगायची लाकडी चौकट. चवथीच्या आधी मोठ्यांच्या मागून रानात जायचं, कांगलां, घागऱ्या, माट्टीची फळं हुडकायची. कवंडाळ दिसायला लालभडक पण तोंडात घालायचं नाही हे तिथंच कळायचं, वेल मुळासकट ओढलीस तर पुढच्या वर्षी काय टांगणार म्हणून ओरडाही तिथंच खायचा. परीक्षा म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट, काय राहिलं ते आजी नुसतं वर बघून सांगायची. आणि देवराईत तर कोयता चालवायचाच नाही. सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राय, तिथली रानजायफळाची दलदल, चिखलातून श्वासाला वर आलेली मुळं, हे आज बघायला मिळतं ते त्या धाकामुळेच.

कागदावरचा इतिहास म्हणाल तर पोर्तुगीज डॉक्टर गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला, १५६३ मध्ये इथल्या औषधी झाडपाल्यावरचं त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. विचारलं त्याने इथल्या वैद्यांनाही, पणजीच्या बागेला नाव मात्र त्याचं एकट्याचं!

शाळेच्या बाजूने मला सगळ्यात आवडतं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं बालशिक्षणाचं काम. १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला सुरुवात, पुढे कोसबाड, आणि गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण विषय सक्तीचा करायला सांगितलं, पण आमच्या वाट्याला आलं ते झाडाचं चित्र काढून भागांना नावं द्या एवढंच, आणि वर्षाकाठी एक बोंडल्याच्या अभयारण्याची ट्रिप.

झाडांमुळे तब्येत सुधारते हा भाग त्यामानाने अलीकडचा. १९८२ मध्ये जपानच्या वनखात्याने 'वनस्नान', म्हणजे रानात निवांत वेळ घालवणं, हा शब्द काढला, १९८४ मध्ये अमेरिकेत रॉजर उलरिखने दाखवलं की ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना जोरदार पेनकिलरही कमी लागल्या.

आता माटोळीचं सामान बाजारात वाटे लावून मिळतं, पोरांना फळ माहीत असतं, वेल नाही. आमच्या घरचंही अर्धं तिथूनच येतं, खोटं कशाला बोलू.