मोहोळ-स्थानांतर

बागेतील खतपेटी, पालथी कुंडी, पक्ष्यांसाठी टांगलेले खोके किंवा भिंतीतील पोकळी अशा जागी वसलेले मधमाश्यांचे मोहोळ पोळ्यांसह मधपेटीत नेण्याची क्रिया. पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणाऱ्या सातेरी (भारतीय) व मेलिफेरा (युरोपीय) या मधमाश्यांच्या जातींनाच ती लागू पडते. आग्या व फुलोरी माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात व पेटीत टिकत नाहीत. फांदीवर नुकत्याच लटकलेल्या थव्याला पोळे नसते. तो पेटीत झटकला की काम होते.

पोकळीत राहण्याची सवय मूळची की नंतरची, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ती आद्य मानतात व आग्या-फुलोरीचे उघडे घर हा पुढचा बदल समजतात. जनुकीय तुलनेत मात्र फुलोरीचा गट वंशवृक्षातून सर्वांत आधी फुटलेला दिसतो. त्यामुळे उघडे पोळे हेच आधीचे रूप असावे, हे मत अधिक संभवनीय वाटते. टेहळ्या माश्या नवी जागा थव्याला नाचून कळवितात, हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात दाखविले. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ टॉमस सीली यांच्या प्रयोगांत मेलिफेराची पसंती सुमारे ४० लिटरच्या पोकळीला व अरुंद दाराला दिसली. सातेरीला याहून लहान जागाही पुरते.

हलवायची ती मुख्यतः अंडी, अळ्या व कोष असलेली पोळी. माश्या त्यांच्यामागे येतात. अळ्यांना ३४-३५° से. ऊब लागते, म्हणून दिवस उबदार व कोरडा निवडावा. दाराशी हलका धूर देऊन काही मिनिटे थांबावे. पोळी एकेक कापून वरचा मधाचा भाग वेगळा काढावा; तो मधपेटीच्या चौकटीत ठेवल्यास वजनाने पोळे फाटते, मध गळून माश्या बुडतात आणि मुंग्या येतात. पिलांचा भाग सुती दोऱ्याने चौकटीत बांधावा. पोळ्यातील घरे किंचित वर कललेली असतात, म्हणून पोळे उलटे बांधू नये. क्रम मूळचाच ठेवावा. काही दिवसांत माश्या मेणाने सांधे जोडतात व दोरा कुरतडून बाहेर टाकतात.

राणी सापडल्यास पिंजरीत ठेवावी. न सापडल्यास माश्यांचे घोस ओंजळीने पेटीत सोडावेत. पेटीच्या दारात माश्या डोके आत व पोट उंच करून पंख फडफडवू लागल्या, तर राणी बहुधा आत आहे. राणी चिरडली गेली तरी ताजी अंडी शाबूत असल्यास माश्या सुमारे १६ दिवसांत नवी राणी वाढवितात. सातेरी त्रास होताच घर सोडते. तिच्या पेटीला सुरुवातीचे काही दिवस राणी-रोधक जाळी लावतात. नवी राणी वाढत असेल तर ही जाळी काढावी, अन्यथा राणी मीलनासाठी बाहेर पडू शकत नाही.

पेटी अंधार पडेपर्यंत जुन्या दाराजवळच असावी. नंतर ती सुमारे ५ किमी.पलीकडे न्यावी, किंवा बागेतच ठेवायची असल्यास रोज एखादा मीटर सरकवावी. मधल्या अंतरावर नेल्यास चारा आणणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात.

भिंत फोडता येत नसल्यास दारावर जाळीचा शंकू बसवून शेजारी पिलांचे पोळे असलेली पेटी ठेवतात; बाहेर पडलेल्या माश्या शंकूतून परत आत जाऊ शकत नाहीत व पेटीत शिरतात. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांनी बाहेर पडत असल्याने यास चार आठवड्यांहून अधिक काळ लागतो, आणि राणी बहुधा आतच राहते. रिकामी पोकळी खरवडून बुजवावी. जुन्या मेणाच्या वासाने पुढचा थवा तेथेच येतो.