'विसावा' या बायबलमधील कल्पनेची पार्श्वभूमी

मराठी बायबल वाचताना 'विसावा' म्हटले की थकून टेकलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. परंतु मूळ हिब्रू ग्रंथांत या एका शब्दाच्या जागी निदान दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांपैकी एकाचाही गाभा थकवा हा नाही. 'शावत' म्हणजे थांबणे, हातचे काम बंद करणे. 'शब्बाथ' हे सातव्या दिवसाचे नाव त्याच्याशीच जोडले जाते. 'मेनुखा' म्हणजे स्थिरावणे, मुक्कामी पोचणे.

बायबलच्या पहिल्या ग्रंथाच्या, उत्पत्तीच्या, दुसऱ्या अध्यायात देव थांबतो तो दमला म्हणून नव्हे, तर सृष्टीचे काम पूर्ण झाले म्हणून. 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली' हे आधीच्या सहा दिवसांचे पालुपद सातव्या दिवसाच्या वर्णनात नाही, आणि या मौनाकडे पुढच्या भाष्यकारांचे लक्ष गेले.

दहा आज्ञांत शब्बाथाची आज्ञा दोनदा येते आणि तिची कारणे वेगवेगळी आहेत. 'निर्गम' या ग्रंथाच्या 20व्या अध्यायात सृष्टीच्या निर्मितीचे स्मरण आहे; 'अनुवाद' या ग्रंथाच्या 5व्या अध्यायात मिसर देशातील दास्याचे. हे दुसरे कारण मला फार मोलाचे वाटते, कारण दासाला स्वतःच्या इच्छेने थांबता येत नाही. ज्यांना देवाने दास्यातून सोडवले त्यांनी आपल्या दासांना, जनावरांना आणि उपऱ्यांनाही थांबू द्यावे, अशी ती मागणी आहे. निर्गमाच्या 23व्या अध्यायात दासीचा मुलगा व उपरी यांच्यासाठी जे क्रियापद वापरले आहे ते 'नेफेश', म्हणजे जीव किंवा श्वास, याच्याशी संबंधित आहे; 'जिवात जीव येणे' हा आपला वाक्प्रचार त्याच्या अगदी जवळ जातो. विशेष म्हणजे 31व्या अध्यायात तेच क्रियापद खुद्द देवासाठी येते. लेवीय ग्रंथ तर दर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा देतो, आणि इ.स.पू. 586च्या सुमारास यरुशलेमचा पाडाव होऊन लोक बाबेलला नेले गेले, तेव्हा ओसाड पडलेल्या भूमीने आपले राहिलेले शब्बाथ भोगले, असे इतिहासाचा दुसरा ग्रंथ सांगतो.

'मेनुखा'चा धागा भूमीशी आणि मंदिराशी निगडित आहे. वचनदत्त देश हा इस्राएलाचा विसावा, तर सियोन, म्हणजे यरुशलेमची मंदिराची टेकडी, हे स्वतः देवाचे विसाव्याचे स्थान, असे 132वे स्तोत्र म्हणते. 95व्या स्तोत्रात मात्र रानात हट्टीपणा करणाऱ्या पिढीबद्दल देव शपथ वाहतो, की हे माझ्या विसाव्यात येणार नाहीत.

येशूने शब्बाथ मनुष्यासाठी झाला असे म्हटले आणि त्या दिवशी रोग्यांना बरे केले. मत्तयाच्या 11व्या अध्यायात तो कष्टी व भाराक्रांत जनांना विसावा देऊ करतो, तेव्हा 'तुमच्या जिवांस विसावा मिळेल' हे शब्द यिर्मयाच्या 6व्या अध्यायाचे आहेत. यिर्मयाने तो विसावा चांगल्या मार्गाने चालणाऱ्यांना सांगितला होता. येशू तो स्वतःपाशी देतो, आणि देताना आपले जू घ्यायलाही सांगतो.

'शावत' आणि 'मेनुखा' हे दोन्ही धागे नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात एकत्र विणले गेले, आणि ते ग्रीक भाषांतरामुळे शक्य झाले. हिब्रूत सातव्या दिवसाचा 'शावत' आणि 95व्या स्तोत्रातील 'मेनुखा' यांचा धातू एक नाही. सेप्टुअजिंट या हिब्रू ग्रंथांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र दोन्ही ठिकाणी 'कातापाउसिस' (विसावा) याच्याच कुळातील शब्द आला. त्यामुळे पत्राच्या लेखकाला असे म्हणता आले, की मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने देश मिळवून दिल्यानंतरही स्तोत्र 'आज' देवाची वाणी ऐका असे म्हणते, त्या अर्थी देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राहिला आहे.

ख्रिस्ती मंडळ्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारी जमू लागल्या, तरी आरंभी तो कामबंदीचा दिवस नव्हता. सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली शहरवासी, न्यायाधीश व कारागीर यांना त्या दिवशी सुट्टी ठरवली आणि शेतकऱ्यांना शेतीचे काम करण्याची मोकळीक ठेवली. शतकभराने ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने सातव्या दिवसाच्या त्या न आलेल्या संध्याकाळीकडे पुन्हा पाहिले आणि लिहिले, की अखेरच्या शब्बाथाला संध्याकाळ नसेल. त्याच्यापाठोपाठ येईल तो प्रभूचा दिवस, आठवा आणि सार्वकालिक.