जुनाट आम्लपित्त आणि पोटाचा घेर

जठरातले आम्ल वारंवार अन्ननलिकेत उलटे चढण्याचा दीर्घकालीन विकार. घरात याला ‘पित्त’ म्हणतात, दवाखान्यात ‘रिफ्लक्स’ किंवा ‘गर्ड’. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठते ते पित्त वेगळे. छातीत जळजळ, करपट ढेकरा, वाकल्यावर तोंडात येणारे आंबट पाणी ही ओळखीची लक्षणे. हटत नसलेला कोरडा खोकला किंवा सकाळी बसलेला आवाज यांमागेही कधी हेच असते.

बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त झालेले नसते, ते नको तिथे पोचलेले असते. अन्ननलिका जठराला मिळते तिथले ३-४ सेंमी लांबीचे स्नायूंचे कडे झडपेचे काम करते. पोटावर चरबी साठली की आतला दाब वाढतो आणि झडप अवेळी सैल पडू लागते. काहींचा जठराचा वरचा भाग श्वासपटलातून (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूंच्या पडद्यातून) छातीत सरकतो. म्हणून वजनकाट्याइतकाच टेपही महत्त्वाचा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजावे. पोट आत ओढून घेतलेला आकडा निरुपयोगी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीपुढचा घेर धोक्याचा. मधुमेह, रक्तदाब, यकृतातली चरबी यांचा संबंधही याच घेराशी आहे.

वजन दहा टक्क्यांनी उतरले, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे ८ किलो, तरी अनेकांची जळजळ स्पष्ट कमी होते. मात्र घाई नको: आठवड्याला दीड किलोहून जास्त घटले तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. उपवास हा वजन उतरवण्याचा मार्ग नव्हे. दिवसभर चहा आणि मग तूप, दाण्याचे कूट घातलेली वाडगाभर साबुदाणा खिचडी, याने पित्त हमखास उसळते, कारण स्निग्ध अन्न जठरात रेंगाळते.

रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास उरकावे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५-२० सेंमी उंचीचे ठोकळे ठेवावेत. उशांवर उशा रचल्या तर शरीर कमरेत दुमडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपावे. नाडी, पट्टा सैल ठेवावा.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या न्याहारीआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या. जेवणाने जठरातले आम्ल सोडणारे पंप सुरू होतात तेव्हा औषध रक्तात हवे. जेवणानंतर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. साधारण ४ ते ८ आठवड्यांचा कोर्स पुरतो. महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवली तर आम्ल काही काळ जोरात सुटते आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. त्यामुळे ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडावी. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ घटू शकते, शाकाहारींनी ते तपासून घ्यावे. खाण्याच्या सोड्यात सोडियम भरपूर असते, रक्तदाब असणाऱ्यांनी त्याची सवय लावू नये.

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांपैकी स्लीव्हनंतर (जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळी ठेवतात) आम्लपित्त वाढू शकते, जठराच्या बायपासनंतर (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) सहसा कमी होते. शस्त्रक्रिया ठरवताना सर्जनला जळजळीबद्दल आवर्जून सांगावे.

घास अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी, प्रयत्नाविना घटणारे वजन यांपैकी काहीही दिसले तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. आणि छातीतली कळ चालताना वाढत असेल, सोबत घाम येत असेल किंवा ती डाव्या हातात, जबड्यात जात असेल, तर पित्त समजून सोडा पीत बसू नये. लगेच रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.