गोष्टीतला पोकर कुठल्या काळातला?

सिनेमातल्या पोकरमध्ये शेवटच्या डावाला एकाकडे फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) निघतं आणि दुसऱ्याकडे हमखास चार एक्के. मुरलेले खेळाडू यावर हसतात. पण मूळ खेळात हे इतकं अचाट नव्हतं.

पोकर रुजला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्समध्ये आणि मिसिसिपीवरच्या वाफेच्या बोटींतून पसरला. तेव्हा पानं वीसच: एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. चौघांना पाच-पाच वाटली की गड्डी संपली. पानं बदलायची सोय नाही. या वीस पानांत चार सारखी पानं हाती येण्याची शक्यता साधारण १९४ वाटपांत एकदा. बावन्न पानांत तीच ४,१६५ मध्ये एकदा! पुढे बावन्न पानांची गड्डी आली, पानं बदलता येऊ लागली, फ्लश (एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी पाच पानं) आला. कथाकार मात्र, मला वाटतं, अजून त्या बोटीवरच बसलेत.

घराचे कागद टेबलावर फेकणारा नायकही तसाच. आज कार्डरूममध्ये डाव सुरू होताना समोर असतील तेवढ्याच चिप्स लावता येतात. कमी पडल्या तर आहे ते सगळं लावून ‘ऑल-इन’ व्हायचं. इतरांची जास्तीची रक्कम वेगळ्या पॉटमध्ये, म्हणजे वेगळ्या ढिगात जाते. पैशाच्या जोरावर कुणाला उठवता येत नाही. आणि ‘हे तुझे शंभर... वर आणखी पाचशे!’ हा टाळ्यांचा संवाद? पहिलं वाक्य संपलं की तो कॉल, म्हणजे समोरच्या बोलीशी नुसती बरोबरी, धरतात, पाचशे गेले वाऱ्यावर.

होल्डेम हा पोकरचा प्रकार (प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, पाच सगळ्यांची) टेक्सासमधल्या रॉब्सटाउनचा मानतात. लास व्हेगासची पोकरची जागतिक स्पर्धा १९७० पासूनची. २००३ मध्ये ती ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने जिंकली, बक्षीस २५ लाख डॉलर. कादंबरीत हे आडनाव संपादकाने खोडलंच असतं. जेम्स बाँडच्या ‘कसिनो रॉयाल’च्या १९५३ च्या कादंबरीत बॅकरा हा पत्त्यांचा वेगळाच जुगार होता, २००६ च्या सिनेमात होल्डेम आला, तो मनीमेकरनंतरच्या पोकरच्या लाटेत. टीव्हीवर झाकलेली पानं दाखवणारे कॅमेरे त्याआधीच आले होते. तेव्हापासून प्रेक्षकाला ‘याच्याकडे काय आहे’ यापेक्षा ‘समोरच्याला कळलंय का’ याची धाकधूक जास्त.

तीन पत्तीत हात बसलेल्या आपल्याकडच्या लेखकाने एक सवय मात्र मोडावी. पोकरमध्ये पैसे भरून शो मागत नाहीत. शेवटची बोली कॉल झाली की ज्याने ती लावली, त्याने आधी पानं उघडायची.