दातांची मागची बाजू

वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू आपली आपल्याला कधी दिसत नाही. दंतवैद्याचा छोटा आरसा मात्र तिथं जातोच. त्यामुळं घरात कुणाला पत्ता नसलेला बुलिमिया बऱ्याचदा आधी दवाखान्यातल्या खुर्चीत उघडा पडतो. भसाभसा खायचं आणि वजनाच्या धास्तीनं गुपचूप उलटी काढायची, असा हा मानसिक आजार. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचं वर्णन केलं.

एनॅमल म्हणजे दाताचं वरचं कवच, सुमारे ९६ टक्के खनिजांचं. सामू (pH, आम्लता मोजायचं माप) साधारण ५.५ च्या खाली गेला की ते विरघळू लागतं. जठरातल्या आम्लाचा सामू असतो १ ते २. सामू एकानं घटला की आम्लता दहापट होते, म्हणजे ५.५ आणि १.५ मधला फरक दहा हजार पटींचा! उलटीच्या वेळी खालचे दात जिभेआड बरेचसे वाचतात, मारा बसतो वरच्यांवर. दातात भरलेलं जुनं चांदीचं सिमेंट झिजत नाही, भोवतीचा दात झिजतो. पाणी ओसरल्यावर खडक उघडे पडावेत तसं ते वर दिसतं. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात, म्हणून गेलेलं परत येत नाही.

नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळं दातांवर तपकिरी डाग असतात. ते दर्शनी बाजूला दिसतात, त्यामुळं डॉक्टरांचा सहसा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो विचारताना.

समजा, लातूरला नीटच्या तयारीसाठी राहिलेली मुलगी आहे, सोबत गावाहून आलेली आई. "उलट्या होतात का?" म्हटलं की आईच सांगते, "पित्तं हाय तिला." ती खोटं बोलत नाही. सकाळी घशात बोटं घालून पित्त काढणारी माणसं आपल्याकडं घरोघरी आहेत. शिवाय खरंच आम्लपित्तानंही दात असेच झिजतात. परदेशातल्या अभ्यासांतही दंतवैद्य हेच सांगतात: शंका येते, पण विचारायचं कसं ते कुणी शिकवलेलं नसतं, आणि दुखावलेला पेशंट परत येणार नाही ही भीती असते.

एक्स-रेच्या निमित्तानं आईला बाहेर बसवणं ही साधी युक्ती. मग, "हे आम्लानं झिजलेत. पित्तानं होतं, मुद्दाम उलटी काढल्यानंही होतं. तुझं काय होतंय बाळा?" मला हा प्रश्न सर्वांत बरा वाटतो, त्यात आरोप नाही.

घरच्यांना कॅपची घाई असते, स्थळं येत असतात ना! पण उलट्या थांबल्याशिवाय कॅप बसवली तर तिच्या कडेचा दात झिजतच राहतो. तोवर कॉम्पोझिटचा (दाताच्या रंगाच्या सिमेंटचा) लेप आणि फ्लोराइड, एवढंच.

मुलगी काहीच बोलली नाही तरी पित्ताच्या नावाखाली सल्ला देता येतो. उलटीनंतर लगेच ब्रश नको, मऊ झालेलं एनॅमल त्यानं खरवडलं जातं. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भरायची. आणि चिठ्ठीच्या मागं टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायचा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.