जाड तंगूस, मोठा चोणक?

‘मोठा चोणक मासा हवा असेल तर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) जितका जाड तितका बरा’, हा सल्ला गोव्यात मांडवी-जुवारी नद्यांच्या काठावर गळाने मासे गरवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे. नुसत्या हातदोरीसाठी तो रास्तच होता, कारण तिथे माशाचा सगळा झटका दोरीवरच येतो. रीलला, म्हणजे गळकाठीवरच्या चकरीला, मात्र ड्रॅग नावाचा ब्रेक असतो. ठरावीक ताणापलीकडे हा ड्रॅग तंगूस सोडत राहतो आणि मासा दमतो. शिवाय जाड तंगूस वाऱ्यात अधिक अडतो, त्यामुळे हलके कृत्रिम आमिष जवळच पडते. पडताळा सोपा आहे: तंगुसाचे टोक स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधून ओढावे आणि ५ किलो ताकदीचा तंगूस सुमारे दीड किलोवर सुटू लागेल, असा ड्रॅग जुळवावा. जाडी हवी ती फक्त आमिषाजवळच्या दोन-तीन हातांना, कारण चोणकाच्या कल्ल्यांची झाकणे धारदार असतात आणि खडकांवरची कालवेही काही कमी नसतात.